दहा घरांच्या वहीतलं पायपुसणं

ऑक्टोबरात आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये घरांपुढच्या हिरवळीवर दोन गोष्टी येतात. मेपलची पानं आणि निवडणुकीचे बोर्ड. पानं मी दर शनिवारी गोळा करते, बोर्डांकडे बघत नाही. व्हर्जिनियात दरवर्षी कसली ना कसली निवडणूक असतेच, त्यामुळे न बघायची सवय झाली आहे. पण दर पाच वर्षांनी एक ऑक्टोबर असा येतो की या बोर्डांच्या मागे मला दुसराच एक रंग दिसायला लागतो, आणि मग मी दाराला कुलूप लावल्यावरही दार दोनदा ओढून बघते. यंदाचा ऑक्टोबर तसा होता.

तो रंग निळा होता असं मी इथे लिहिणार आहे. तो निळा नव्हता. माणसांची नावंही बदलली आहेत आणि देशाचं नाव लिहीत नाही. पूर्व आफ्रिकेतला, आपल्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावरचा देश, एवढं पुरे. शिरीष, म्हणजे माझा नवरा, याला अतिरेक म्हणतो. "मराठी लेख तिकडे कोण वाचणार आहे?" मी म्हटलं, "तिकडे कोण काय वाचतं, हे तुला माहीत आहे का?" त्यानं विषय सोडला. त्यानं तो सोडावा म्हणूनच मी विचारलं होतं.

शिरीषच्या पंपांच्या कंपनीनं त्याला तिकडच्या कारखान्यावर पाठवलं तेव्हा ओवी वर्षाची होती. आम्ही चार वर्षं राहिलो. त्या चार वर्षांतला निवडणुकीचा एकच मोसम आम्ही पाहिला. ओवी आता एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे मधे तिकडे अजून दोन निवडणुका होऊन गेल्या आणि यंदाची तिसरी. प्रत्येक वेळी मी बातम्या वाचते, प्रत्येक वेळी तोच पक्ष निवडून येतो.

तिथे पक्ष एकच होता असं नाही. कागदावर बरेच होते. पण नुसतं 'पक्ष' म्हटलं की कोणता, असं कोणी विचारत नसे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून तोच राज्य करत होता. शाळेच्या भिंती, दवाखान्याचं फाटक, बसचा थांबा, सगळ्यांवर त्याची खूण होती. पहिल्याच महिन्यात मी शेजारणीला विचारलं होतं, "यंदा कोण येईल निवडून?" नवख्या माणसाचा प्रश्न. ती हसली. उद्या गुरुवार येईल का, असं मी विचारल्यासारखी हसली. मग रस्त्याकडे एकदा बघून म्हणाली, "मला विचारलंस ते ठीक. बाजारात विचारू नकोस."

ही शेजारीण म्हणजे नीमा. माझ्याच वयाची, प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि आमच्या दहा घरांची बलोझी होती. बलोझी म्हणजे राजदूत. मोठाले देश राजधानीत आपला माणूस बसवतात तोही बलोझी, आणि दर दहा घरांमागे पक्ष आपला एक माणूस ठेवतो तोही बलोझी. मला या शब्दाचं सुरुवातीला फार हसू यायचं. दहा घरांत कसला राजदूत? नीमाच्या काखेत कायम एक वही असे, दोनशे पानी, खाकी कव्हरची, शाळेतलीच. कोणाकडे मूल झालं, कोण वारलं, कोणाच्या नळाचं पाणी कोणाच्या अंगणात जातं, सगळं त्या वहीत. भांडणं तीच मिटवायची. मुलाला शाळेत घालायचं असो की ओळखीचा दाखला हवा असो, आधी नीमाची चिठ्ठी लागायची.

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या, तर आम्ही सामान उतरवतोय तोवर नीमा वही घेऊन फाटकात हजर. पाहुण्या किती दिवस राहणार? औषधं कोणती घेतात? सासूबाई खूश. "बघ, किती आपुलकीनं चौकशी करते! आपल्या सोसायटीत विचारतं का कोणी?" आपुलकी होतीच. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्यासाठी झाडावरची पपई आणली. पण वहीत नोंद झाली होती, आणि महिनाअखेरीला ती वही कुठेतरी दाखवायला जायची. कुठे, ते मी विचारलं नाही. पपई गोड होती.

नीमानं त्यांना "मामा" अशी हाक मारली तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. तिकडच्या भाषेत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. "सगळं उलटंपालटंच की गं यांचं," सासूबाई म्हणाल्या. बाईला तिथे मुलाच्या नावानं हाक मारतात, तो मान असतो. म्हणून मी होते मामा ओवी. एकदाच नीमानं मला लाडानं 'दादा' म्हटलं, तेव्हा मी तिला सांगितलं, बाई गं, आमच्यात दादा म्हणजे मिशीवाला थोरला भाऊ. ती पोट धरून हसली. "मग तुला कधीच दादा म्हणणार नाही. म्हटलंच, तर समज की मी शुद्धीवर नाही."

गमतीत म्हणाली होती.

दुसरी एक गोष्ट मला तिथे शिकायला वेळ लागला. 'हबारी' म्हणजे खबर. आपला शब्द आणि तो एकाच घरचे. कोणीही भेटलं की "हबारी?" विचारायचं आणि उत्तर द्यायचं, "न्झुरी", चांगली. अंगात ताप असो, घरात मयत झालेली असो, आधी न्झुरी. मग दोन-चार वाक्यांनंतर खरं काय ते सांगायचं. मला आधी हा खोटेपणा वाटला, मग सोय वाटली. खरं बोलण्याआधी माणसाला जरा दम घेता येतो.

निवडणुकीचा मोसम तिथे वासानं कळायचा. नव्या कापडाच्या खळीचा वास, थोडा रॉकेलसारखा. पक्ष बायकांना कांगा वाटायचा. कांगा म्हणजे छापील सुती कापड. दोन जोडून येतात, ते मधून कापून कडा शिवून घ्यायच्या, एक कमरेला गुंडाळायचं, एक खांद्यावर. त्या वर्षीचा कांगा निळा, मधे पक्षाची खूण, आणि खालच्या काठावर मोठ्या अक्षरांत छापलेलं: आम्ही सोबत आहोत. नीमाच्या ओसरीवर गठ्ठे येऊन पडले आणि आठवड्याभरात दहा घरांच्या दहा दोऱ्यांवर एकाच रंगाचे कपडे वाळायला लागले. मलाही एक जोडी मिळाली. "मला मत नाही," मी म्हटलं. "अंग तर आहे," नीमा म्हणाली. सकाळी सातला लाउडस्पीकरची गाडी यायची. उन्हानं पांढरी पडलेली धूळ, आंब्याला धरलेल्या सुपारीएवढ्या कैऱ्या, आणि त्या सगळ्यावर ते गाणं. ओवीला 'जन गण मन' येत नव्हतं, पक्षाचं गाणं पाठ होतं. आंघोळ करताना म्हणायची. आम्ही हसायचो, व्हिडिओ काढायचो.

चौथ्या घराच्या ओसरीवर सालूम नावाचा शिंपी पायाचं मशीन घेऊन बसायचा. त्या महिन्यात त्याला मान वर करायला वेळ नव्हता. अख्ख्या गल्लीचे कांगे त्याच्याकडे. तो ते कापायचा, कडा दुमडायचा, बारीक टीप घालायचा, आणि त्याच्या मशीनच्या चाकाला एक फीत बांधलेली होती, ती मात्र निळी नव्हती. दुसऱ्या पक्षाच्या रंगाची होती. चाक फिरलं की फीत फिरायची. मी माझं कापड द्यायला गेले तेव्हा नीमा तिथे उभी होती. तिनं फितीकडे पाहिलं, वही उघडली, पेनचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं आणि वही मिटली. सालूम म्हणाला, "बलोझी, लिही की. स्पेलिंग सांगू?" ती म्हणाली, "कडा नीट शिव तू." दोघं हसले. मीही हसले.

मतदान झालं. त्यानंतरचे दिवस मला आवाजांवरून आठवतात. आधी लाउडस्पीकर बंद झाला. मग बस यायच्या थांबल्या. चौकात एक लष्करी ट्रक येऊन उभा राहिला आणि पोरांचा आरडाओरडा बंद झाला. आम्हाला कोणी काही केलं नाही. आम्ही परके, कंपनीचा निरोप आला, घराबाहेर पडू नका, आम्ही पडलो नाही. ओवीला कळेना की गाणं म्हणू नको असं आई का म्हणते. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं की सालूमचं मशीनही ऐकू येत नाही. खिडकीतून ओसरी दिसायची. मशीन नव्हतं. जमिनीवर मशीनच्या पायांचे चार ठसे होते.

थोड्या वेळानं नीमा माझा कांगा घेऊन आली. एक बाजू शिवलेली, दुसरी अर्धी दुमडून तशीच, आणि दुमडीत टोचलेली सुई.

"हबारी या सालूम?" मी विचारलं. सालूमची काय खबर?

"न्झुरी," ती म्हणाली.

मी पुढच्या वाक्यांची वाट बघितली. ती आली नाहीत. तिच्या काखेत वही होती. मी वहीकडे बघितलं आणि मी बघितलेलं तिनं बघितलं. मग ती ओवीसाठी आणलेली केळी ठेवून निघून गेली.

पुढे आम्ही वर्षभर तिथे होतो. मी कधीच विचारलं नाही. आदल्या दिवशी जाऊन तिनं त्याला सांगितलं असेल, नीघ. किंवा त्याचं नाव लिहिलं असेल. दोन्ही एकाच बाईला शक्य होतं, आणि ती बाई माझी मैत्रीण होती. ओवीला मलेरिया झाला तेव्हा दोन दिवस माझ्याबरोबर दवाखान्यात बसलेली बाई. मी दुसरी कड घरी हातानं शिवली. माझे टाके मोठे आहेत.

मराठी घरात सुती कापडाचा रस्ता ठरलेला असतो. आधी अंगावर, मग उशीला, मग ओट्यावर, मग दाराशी. यात अपमान कुठलाच नाही. माझ्या आईची सगळी लुगडी याच वाटेनं गेली. कांगा आमच्याबरोबर अमेरिकेत आला, काही वर्षं टेबलावर होता, मग इस्त्रीच्या फळीवर, आणि तीनेक वर्षांपूर्वी मी त्याच्या आठ घड्या घालून चारी बाजूंनी जाड दोरा ओढला आणि गॅरेजच्या दाराशी टाकला. पाणी छान शोषतो. पक्षाची खूण आत गेली, काठ वर आला. त्यावरची अक्षरं वाचत कोण बसतंय?

यंदा ऑक्टोबरात, तिकडच्या मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी नीमाचा मेसेज आला. तिच्या ओसरीचा फोटो, निळे गठ्ठे, आणि खाली: "या वर्षीचे जास्तीचे उरलेत. तुझ्यासाठी एक ठेवू?" मी ऑफिसला निघाले होते, पायात बूट होते, दाराशी उभी होते. खाली बघितलं आणि मला हसू आलं. बुटाचं टोक आणि काठावरची अक्षरं दिसतील असा फोटो काढला. खाली लिहिलं, "आधीचाच अजून रोज वापरते!" पाठवला. दोन खुणा उमटल्या, म्हणजे तिच्या फोनवर पोचला. वाचल्याची निळी खूण नव्हती. मी गाडी काढली.

आमच्या घरापासून दोन मैलांवर खिडक्या नसलेल्या लांबलचक इमारती आहेत, डेटा सेंटरं. त्यांतल्या एकीत मी थंडाव्याच्या यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक बसवते. एक पंखा चार मिनिटं बंद पडला तर माझा फोन तीनदा वाजतो. जगाचं बरंचसं इंटरनेट आमच्या गावातून जातं, असं इथले लोक अभिमानानं सांगतात. दुसऱ्या दिवशी डब्यातली पोळी-भाजी खाताना मी बातमी वाचली: त्या देशात मतदानाच्या दिवशी गडबड झाली, संचारबंदी लागली, आणि इंटरनेट बंद केलं आहे. अख्ख्या देशाचं. पुढच्या ओळीत होतं की नाक्यानाक्यांवर लोकांचे फोन तपासताहेत.

मी डबा बंद केला. पक्षाच्या कांग्यावर ठेवलेला बूट. 'रोज वापरते'. आणि हे सगळं पक्षाच्या बलोझीच्या फोनवर, माझ्या नावानं, तिच्या मैत्रिणीकडून.

मी तो मेसेज दोघींच्या फोनवरून पुसण्याचं बटण दाबलं. माझ्याकडे तो गेला. पण तिचा फोन बंद पडलेल्या जाळ्यात होता. पुसण्याचा निरोप तिथे पोचायला जाळं लागतं. म्हणजे माझ्या फोनवर फोटो नव्हता आणि तिच्या फोनवर होता.   माझ्या टेबलापलीकडे हजारो पंखे नीट चालू होते.

घरी सांगितलं तर शिरीष म्हणाला, "ती त्यांचीच बाई आहे. तिला कोण काय करणार?"

"त्यांचीच आहे म्हणून तर," मी म्हटलं. "सालूमनं फीत उघड बांधली होती. त्याच्याकडून कोणाची दुसरी अपेक्षाच नव्हती. हिच्याकडून आहे."

"तू उगाच..."

"तिची वही कोणीतरी तपासत असेल ना? मग त्या माणसाकडेही एक वही असेल. त्यात ती असेल."

यावर तो म्हणाला, "चहा करतो." तो घाबरला की चहा करतो.

त्या आठवड्यात मी रोज एकच गोष्ट करत होते. फोन उघडायचा, तिचं नाव काढायचं, बघायचं, बंद करायचा. फोन लागत नव्हता. काम नीट केलं, दिवाळीच्या चकल्या केल्या, त्या बिघडल्याही नाहीत. फक्त कान कसल्यातरी आवाजाकडे लागलेले असायचे, आणि आवाज थांबला की जास्त.

आणि त्याच शनिवारी आमच्या दारावर थाप पडली. उघडलं तर एक गोऱ्या आजी, पायात खेळाचे बूट, हातात फोन. इथल्या निवडणुकीचा प्रचार. हसून त्यांनी फोनवरून वाचलं: माझं नाव. शिरीषचं नाव. मग, "आणि ओवी, वय एकोणीस, बरोबर? यंदा मतदानाला जाणार ना सगळे?"

मी म्हटलं, "घरी कोणी नाही."

आजी बघत राहिल्या. मी दारात उभी, हातात पानं ओढायचं खोरं. "कोणी नाही," मी पुन्हा म्हटलं आणि दार लावलं. जिन्यावर ओवी उभी होती. "आई! यू आर लिटरली द समबडी अ‍ॅट होम!" ती हसत सुटली. मग तिनं माझा चेहरा बघितला. "आई? शी वॉज जस्ट अ नाइस ओल्ड लेडी."

"त्यांच्याकडे तुझं वय कसं?"

"व्होटर लिस्ट, आई. एव्हरीवन हॅज इट. धिस इज अमेरिका."

"नीमाही नाइसच होती," मी म्हटलं. "अजून आहे."



ओवीनं आपल्या उमेदवाराचा एक बोर्ड हिरवळीवर लावला होता. गेल्या वर्षी नाव नोंदवायचं राहून गेलं होतं, म्हणून हे तिचं पहिलं मत. त्या दुपारी ती लायब्ररीत गेल्यावर मी तो बोर्ड उपटला आणि गॅरेजमध्ये पानांच्या पिशव्यांमागे ठेवला. परत आल्यावर तिनं आवाज चढवला, मी चढवला. मला काहीच पटवून देता आलं नाही, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं, "फीत बांधून बसलेला माणूस मी बघितलाय." ती म्हणाली, "व्हॉट फीत?" पंधरा वर्षांत मी तिला सालूमबद्दल एकदाही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. तिनं विचारलं, "अँड देन? त्याचं काय झालं?" मी म्हटलं, माहीत नाही. "यू नेव्हर आस्क्ड?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी सकाळी अकराला फोन वाजला. नीमाच्या नंबरवरून मेसेज. त्यांच्याकडे जाळं परत आलं होतं. मी भांडी घासत होते, ओल्या हातानंच उघडला.

"हबारी दादा. तू काहीतरी पाठवून खोडलंस. काय होतं? पुन्हा पाठव."

मी ते तीनदा वाचलं. पुसण्याचा निरोप जाळ्याबरोबर तिच्या फोनवर पोचला होता, आणि जिथे फोटो होता तिथे आता 'हा मेसेज काढून टाकला आहे' अशी ओळ होती. पुसलेल्याचीही नोंद राहते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फोटो एक वेळ कोणाच्या नजरेतून सुटला असता. ही ओळ सुटणार नव्हती.

आणि दादा.

एक तर लिहिणारा हात नीमाचा नव्हता. परक्या कोणाला मामा ओवी माहीत नसणार, तो बाईला रीतीप्रमाणे दादाच म्हणणार. नाहीतर हात नीमाचाच होता आणि कोणीतरी खांद्यामागून वाचत होतं, आणि तिनं मला सांगितलं होतं: समज, मी शुद्धीवर नाही. दोन्हींपैकी काहीही असो, उत्तर त्या माणसाला हवं होतं.

"ब्लॉक कर," शिरीष म्हणाला. "आपला काय संबंध?"

"आणि ती?"

"जस्ट टेल देम इट वॉज अ मीम," ओवी म्हणाली.

"मीम कोणावर होतं, विचारतील."

मी गॅरेजच्या दाराशी गेले, पायपुसणं उचललं, दोनदा झटकलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. ब्लेड घेतलं. जाड दोरा माझाच होता, भराभर उसवला. आठ घड्या उघडल्या तसा मधला भाग समोर आला: पक्षाची खूण, जशीच्या तशी, गडद निळी. तीन वर्षं आत दडून ती टवटवीत राहिली होती. काठ मात्र विरला होता, त्यावर बुटांची माती. कोमट पाणी, साबण, तीन वेळा. ड्रायरमध्ये टाकला. मग इस्त्री. एका कडेला सालूमची टीप होती, बारीक, सरळ, एक टाका सुटलेला नव्हता. दुसऱ्या कडेला माझे टाके. सालूमच्या कडेवरून इस्त्री फिरवताना मी हात हलका केला. का, ते सांगता येणार नाही. टीप इस्त्रीनं बिघडत नाही.

मग मी तो कांगा खांद्यावर घेतला. साडी नेसणाऱ्या बाईला विरलेला भाग निऱ्यांत लपवायला शिकवावं लागत नाही. खूण बरोबर समोर आली, छातीवर. ओवीला फोन दिला.

"आई, स्माइल."

"हसतेय."

"नो, यू आर नॉट. यू लुक लाइक पासपोर्ट फोटो."

"मग दुसरा काढ."

तिनं सहा काढले. सहाव्यात मी बऱ्यापैकी हसलेली आहे. कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, मागे मायक्रोवेव्ह आणि फ्रिजवर ओवीच्या कॉलेजचं वेळापत्रक, आणि अंगावर तो पक्ष. या देशाची नागरिक होताना मी हात वर करून शपथ घेतली होती, तेव्हाही इतकी ताठ उभी नव्हते. खाली लिहिलं: "न्झुरी. पहिला फोटो हलला होता, म्हणून काढला. आधीचाच अजून रोज वापरते. आम्ही सोबत आहोत." आणि पाठवला.

पाठवल्यावर सुचलं, की त्यांनी बुटाचा फोटो आधीच पाहिला असेल तर? मग हा फोटो म्हणजे मी खोटं बोलल्याचा पुरावा, आणि मी तो माझ्या हातानं, हसून दिला आहे. पण आता पुसायची सोय नव्हती. पुसल्यानं काय होतं ते कळलं होतं.

आम्ही तिघं टेबलाशी बसलो. कोणी चहा केला नाही. पाऊण तासानं फोन थरथरला.

"न्झुरी, मामा ओवी."

एवढंच.

मामा ओवी. म्हणजे ती आहे. हात तिचा आहे, आणि निदान हे दोन शब्द लिहिताना तिच्या खांद्यामागे कोणी नव्हतं, किंवा असून तिला ते लिहू दिलं. मी टेबलावर डोकं टेकलं. शिरीषनं पाठीवर हात ठेवला. "बघ, काही झालं नाही," तो म्हणाला. मी हो म्हटलं. पण मला तिथली रीत माहीत आहे. न्झुरी आधी येतं. खरं काय ते नंतरच्या वाक्यांत असतं, आणि ती वाक्यं अजून आलेली नाहीत. आता दोन आठवडे झाले. मी विचारत नाही. विचारलेलंही कुठेतरी राहतं.

निकाल लागला. कोण निवडून आलं ते सांगायला नको.

इथलं मतदानही झालं. ओवी आणि मी एकत्र गेलो, शाळेच्या व्यायामशाळेत. 'मी मत दिलं' असं लिहिलेला कागदी बिल्ला मिळाला. ओवीनं तो छातीवर लावला, बाहेर येताना माझ्याकडे बघितलं, आणि गाडीत बसायच्या आधी काढून खिशात घातला. मी काही बोलले नव्हते. तिचा बोर्ड अजून गॅरेजमध्ये पिशव्यांमागेच आहे. तिनं तो परत लावला नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं.

गॅरेजच्या दाराशी आता दुकानातून आणलेली रबरी चटई आहे. पाणी शोषत नाही, पाय ओलेच राहतात. कांगा मी घडी करून कपाटात ठेवला आहे, साड्यांच्या मधे, खूण वर येईल असा. दर रविवारी एकदा इस्त्री फिरवते. पुन्हा कोणी फोटो मागितला, तर तयार असावा.